भोपळ्यावरची काजळी

संग्रहालयाला मी आयुष्यात एकच वस्तू भेट दिली, आणि ती माझी नव्हती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. निवृत्तीच्या समारंभात एका सहकारी बाईंनी भाषणात मला ‘मुलांना वर्गाबाहेरचा इतिहास दाखवणाऱ्या’ म्हटलं, तेव्हा मी खाली मान घालून हातातल्या नारळाची शेंडी कुरवाळत बसले होते. लोकांना तो विनय वाटला. वाटू दिला.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. मी परळच्या एका मराठी शाळेत इतिहास शिकवायचे आणि गिरगावात चाळीत राहायचे. वय सव्वीस, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी पक्की समजूत. शाळा सुटली की पत्रकं वाटायला जायचे, मोर्चा असला की बायकांच्या पहिल्या रांगेत चालायचे. आपलं आहे ते आपल्याला मिळालंच पाहिजे, हे ओरडून ओरडून घसा कायम बसलेला असायचा. वर्गात त्या बसलेल्या घशाचीसुद्धा मला ऐट वाटायची.

आठवीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर एक सिद्दी मुलगी बसायची. घरची मंडळी मुरुड-जंजिऱ्याकडची. मुंबईत राहायला कॉटन ग्रीनला, कापसाच्या गोदामांच्या मागे. वडील बोटीवर बॉयलरमध्ये कोळसा घालायच्या कामाला, म्हणजे वर्षातले दहा महिने समुद्रावर. तिचं मराठी वर्गात सगळ्यात स्वच्छ होतं, कविता तर ती अशी म्हणायची की मीसुद्धा ऐकत राहायचे. पण रंग काळा आणि केस दाट कुरळे, तेवढ्यावर वर्गाने तिला परदेशी ठरवून टाकलं होतं. भूगोलाच्या तासाला आफ्रिकेचा नकाशा टांगला की पन्नास माना मागे वळायच्या. मी हे दारातून बघितलेलं होतं आणि एका शब्दाने कुणाला दटावलं नव्हतं.

गिरगावात आमच्या चाळीपासून चार गल्ल्यांवर एक खासगी संग्रहालय होतं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, जंगबारला, लवंगा आणि हस्तिदंताचा व्यापार करून गब्बर झालेल्या एका शेठजींनी तिकडून आणलेल्या वस्तू दोन मजल्यांवर मांडून ठेवल्या होत्या. आमचे मुख्याध्यापक त्या संग्रहालयाच्या विश्वस्तांपैकी एक, त्यामुळे सहलीला परवानगी मिळायला वेळ लागला नाही. हरताळांमुळे अभ्यासक्रमाचं तसंही भजं झालेलं होतं. एका सकाळी आठवीचा वर्ग घेऊन मी तिथे गेले.

वरच्या मजल्यावर आफ्रिकेची खोली. ढाली, भाले, एक मोठा ढोल, आणि भिंतीवर एक लांब धनुष्य, खालच्या टोकाशी भोपळा बांधलेलं. खाली पाटी होती: ‘जंगबारकडील रानटी लोकांचे शस्त्र.’ एका मुलाने ती मोठ्यांदा वाचली आणि तिसऱ्या बाकावरच्या मुलीला विचारलं, “काय गं, तुझ्या मामाचं काय हे?” सगळे फिदीफिदी हसले.

ती हसली नाही की रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, “बाई, पाटी चुकलीय. हे मारायचं नसतं, वाजवायचं असतं. मलुंगा म्हणतात. आमच्या आजाकडं आहे ना घरी.”

मला आनंद झाला, हे कबूल केलं पाहिजे. पण तो तिच्यासाठी नव्हता. छापील पाटी चूक आहे आणि हे माझ्या वर्गात उघडकीला आलं, याचा तो आनंद होता. परतताना मी मनातल्या मनात एक लेखसुद्धा लिहून टाकला होता.

पुढच्या गुरुवारी शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. एकच खोली, वर पत्रा, एका कोपऱ्यात ओल. समोरच्या भिंतीवर हिरव्या कापडात गुंडाळलेला मलुंगा टांगलेला. तिचे आजोबा सत्तरीच्या पुढचे, गोदीत गाठी वाहून पाठीला बाक आलेला. मी त्यांना चाचा म्हणाले, त्यांनी मला बाय म्हटलं. मुलीने आधी निखाऱ्यावर लोबान टाकला, भोपळ्याखाली धूर धरला, मग आजोबांनी मलुंगा खाली घेतला आणि माझ्या पायांकडे बघितलं. मी चपला दाराबाहेर काढून आले. तो ऐकायचा तर अनवाणी, अशी त्यांच्या घरातली रीत होती.

त्यांनी भोपळा पोटाशी धरला आणि बारीक काठीने तारेवर टोला दिला. भोपळा पोटापासून दूर गेला की आवाज मोकळा व्हायचा, जवळ आला की कोंडायचा. मुलीने करवंटीचा खुळखुळा धरला होता. ते गात होते त्यातला एक शब्द मला कळला नाही. विचारलं तर म्हणाले, “अर्थ माझ्या आज्यालाबी ठाऊक नव्हता, बाय. पन शब्द चुकवायचा नाय. तिकडून येताना तेवढाच आनलेला.”

बांबू मुरुडच्या रानातला, भोपळा त्यांच्या आज्याच्या परसातला. तार तेवढी मुंबईची. पिढ्यानपिढ्यांच्या लोबानाने भोपळा काळा कुळकुळीत झाला होता. दर गुरुवारी धूर द्यायचा, उपाशी ठेवायचा नाही, असं ते म्हणाले. मुलगे बोटीवर गेले, त्यांना यात रस नव्हता. म्हणून ते नातीला शिकवत होते. मुलींनी वाजवायची चाल नव्हती, त्यामुळे दार लावून शिकवायचे. आपल्यामागे तो तिच्याकडे जाणार, हे त्यांनी बिरादरीत अजून सांगितलं नव्हतं. मला सांगितलं. मी बाई होते ना.

कसं जाणार तेही सांगितलं. वाजवणारा गेला की चाळिसाव्या दिवशी पुढच्याने मलुंगा वाजवायचा. तेव्हा आधीच्याचा हात त्यावरून सुटतो. तोवर तो त्याचाच.

मी झपाटून कामाला लागले. मुख्याध्यापकांना गळ घातली, संग्रहालयाच्या व्यवस्थापकांना भेटले, आणि एका रविवारी सकाळी संग्रहालयात कार्यक्रम ठरवला. वर्गातली मुलं, त्यांचे आईबाप, कॉटन ग्रीनहून सिद्द्यांची दहाबारा माणसं, लालबागच्या चाळींतून कामगार, अशी दीडशे माणसं जमली. त्या शेठजींच्या वास्तूत इतकी साधी माणसं एकदम कधी आली नसतील. मी सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या. आजोबांनी वाजवलं, नात खुळखुळा धरून बसली. ज्याने मामाबद्दल विचारलं होतं तो मुलगा अगदी पुढे बसून तोंड उघडं टाकून ऐकत होता. शेवटी त्याने हात जोडले, ते मी कुणाला करायला सांगितलं नव्हतं. त्या सकाळी माझ्या हातून काही चांगलं झालं असेल तर तेवढंच.

कार्यक्रम संपल्यावर व्यवस्थापक म्हणाले, “पाटी बदलू. पण नुसती पाटी बदलून लोकांना कळणार कसं? हा मलुंगा महिनाभर आमच्याजवळ ठेवा. जुन्याच्या शेजारी मांडतो.”

आजोबा घुटमळले. “लोबान कोन दाखवील?” एवढंच त्यांनी विचारलं.

“मी दाखवीन,” मी म्हणाले. “दर गुरुवारी. माझं घर इथेच आहे, चाचा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. नातीने त्यांचा सदरा मागून धरलेला होता, तो तिने सोडला नाही.

मग कागद आला. वस्तू उसनी घ्यायची तर विश्वस्तांची बैठक लागते, आणि चळवळीच्या गडबडीमुळे बैठक होत नव्हती. भेट म्हणून घ्यायची तर व्यवस्थापकांची सही पुरे. “भेट लिहा, परत नेताना बघून घेऊ,” ते म्हणाले. देणाऱ्याचं नाव लिहायचं होतं. “पत्ता नीट लागतो, बाई. गोदामामागची खोली असं काय लिहिणार? तुमचंच नाव घाला.” आजोबांनी अंगठा पुढे केला. व्यवस्थापक म्हणाले, गरज नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील तिथेच उभे होते. गिरणीत साचेवाले, नुकतेच बौद्ध झालेले, बोलायला एकदम सरळ. त्यांनी माझ्या खांद्यावरून कागद वाचला आणि म्हणाले, “बाई, यात म्हाताऱ्याचं नाव कुठंय?”

“औपचारिकता आहे हो,” मी म्हणाले.

“असेल. पण कागदावर नाव नसलं की पुढं काय होतं ते आमच्या लोकांना विचारा. सही नका करू.”

मला राग आला. आपल्या हेतूवर हा माणूस शंका घेतो म्हणजे काय, असं वाटलं. मी सही ठोकली, जरा जोरातच. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात होती, ती मी स्वतःलाही पुढे बरीच वर्षं सांगितली नाही. त्या ओल्या खोलीत, गळक्या पत्र्याखाली, असली दुर्मिळ वस्तू किती दिवस टिकणार? काचेच्या कपाटातच ती बरी, असं मला वाटलं होतं. तो कागद मला कुणी फसवून दिला नव्हता. मी तो वाचला होता.

दुसऱ्या दिवशी मांडणीच्या तयारीसाठी मलुंगा शाळेत आणला. हिरवं कापड सोडलं, तर भोपळ्यावर ही काजळी. हात लावला की बोटं काळी. आमच्याकडे दिवाळीच्या आधी भांडीकुंडी, फडताळं, देवघरातली समईसुद्धा घासून लख्ख करायची असते. काळं म्हणजे घाण, यापलीकडे माझी अक्कल गेली नाही. मी दोन मुलींना बादलीभर पाणी आणि धुण्याचा सोडा आणायला सांगितलं.

चाचांची नात म्हणाली, “बाई, ते पुसायचं नसतं.”

“अगं, काचेत ठेवायचं तर नीट दिसायला नको?”

“आजा रागवेल.”

“आजोबांना मी सांगते. तू बादली धर.”

तिने बादली धरली. मी स्वतः पदर खोचून फडक्याने भोपळा पुसून काढला. पाणी तीनदा बदललं. तिसऱ्यांदा ओतल्यावर भोपळा फिकट पिवळा निघाला, बाजारातून आणल्यासारखा. मोरीत काळं पाणी बराच वेळ फिरत होतं, आणि ती मुलगी बादली हातात घेऊन ते बघत उभी होती. मी तिला म्हणाले, “बघ, कसा उजळला.”

गुरुवारी मी लोबान घेऊन गेले. पहारेकऱ्याने आत निखारा न्यायला मनाई केली, आणि त्यात त्याचं चूक नव्हतं. फाटकाबाहेर उभी राहून धूर दिला. जाणारे-येणारे बघत होते आणि मला कानकोंडं झालं. दुसऱ्या गुरुवारी नुसती उदबत्ती लावली. तिसऱ्या गुरुवारी मोर्चा होता. चौथ्या गुरुवारी काय होतं ते मला आठवत नाही, म्हणजे बहुतेक काहीच नव्हतं.

महिना भरत आला तेव्हा आजोबा नातीचा हात धरून संग्रहालयात आले. मी बरोबर होते. कपाटासमोर उभे राहून त्यांनी बराच वेळ काचेवर नाक टेकवलं. त्यांना वाटलं दुसराच कुठलातरी ठेवलाय.

“हा नव्हं, बाय.”

“हाच आहे चाचा. स्वच्छ केला.”

भोपळ्याच्या पोटावर पांढऱ्या रंगात एक क्रमांक लिहिला होता, तो त्यांना वाचता येत नव्हता. नातीला येत होता. आजोबा म्हणाले, “माझ्या आज्याचा धूर होता त्यात.” आणि मग, “घरी कधी येनार?”

मी म्हणाले, आठ दिवसांत. तो महिना आणि त्याच्या पुढचा महिनाही मी आठ दिवस म्हणत राहिले.

मी मलुंगा परत मागितला, तेव्हा व्यवस्थापकांनी माझ्या सहीचा कागद पुढे केला. भेट दिलेली वस्तू विश्वस्तांच्या ठरावाशिवाय देता येत नाही. मी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. ते आमच्या भागातल्या चळवळीच्या समितीचेही प्रमुख होते, आणि संग्रहालयाचं खालचं दालन समितीच्या सभांना फुकट मिळत होतं, ते बाकीच्या विश्वस्तांच्या कृपेने. ते चष्मा पुसत म्हणाले, “बाई, या वेळी त्या लोकांशी वाकडं घ्यायचं? एका भोपळ्यासाठी? राज्य होऊ द्या. मग सगळं आपल्याच हातात आहे.”

मी मूग गिळून बाहेर आले. भांडायला हवं होतं. रस्त्यावर मी पोलिसांशी भांडत होते, लाठी खायची तयारी दाखवत होते, आणि या एका खोलीत माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्यांचं म्हणणं मला पटलंही होतं, ही त्यातली जास्त लाज वाटण्यासारखी गोष्ट. व्हरांड्यात ती वाट बघत उभी होती. आजोबा तापाने पडले होते आणि मलुंगा मागत होते, एवढं सांगायला ती आली होती.

“राज्य झालं की मिळेल हं,” मी म्हणाले.

“कुणाचं राज्य, बाई?” तिने विचारलं. उद्धटपणे नाही. तिला खरंच कळलं नव्हतं की तिच्या आजोबांच्या मलुंग्याचा आणि त्याचा संबंध काय. मी तासाची घंटा झाली आहे म्हणून सांगितलं.

आजोबा त्याच पंधरवड्यात गेले. चाळिसाव्या दिवशी ती आणि बिरादरीतल्या चार बायका संग्रहालयाच्या फाटकाशी आल्या. तासाभरासाठी तरी काढून द्या, इथेच वाजवते, नेत नाही, असं ती व्यवस्थापकांना म्हणाली. मला हे नंतर पहारेकऱ्याने सांगितलं. तिने मला बोलावलं नव्हतं. व्यवस्थापक म्हणाले, ज्यांनी दिलाय त्या बाईंचं पत्र आणा. त्या बायका तिथूनच परत गेल्या. तिला पत्र मागायला माझ्याकडे यायला पाच मिनिटं लागली असती. मी घरीच होते.

त्यानंतर मात्र मी विश्वस्तांना पत्रं लिहिली, एकामागून एक, चांगल्या शुद्ध मराठीत. एकाचंही उत्तर आलं नाही. पुढे, राज्य झाल्यावर बऱ्याच वर्षांनी, संग्रहालय बंद पडलं, इमारत विकली गेली, वस्तू कुठे गेल्या याचा मी खूप शोध घेतला. कुणालाच माहीत नव्हतं, किंवा माहीत असलेल्यांनी कानावर हात ठेवले.

ती शाळेत येतच राहिली. तिसऱ्याच बाकावर, अकरावीपर्यंत. इतिहासात तिला चांगले गुण मिळायचे. पुस्तकात असेल तेवढंच लिहायची, एक शब्द जास्त नाही. कविता म्हणायला मात्र मी उठवलं की तिचा घसा बसलेला असायचा.

मग राज्य झालं. त्या मे महिन्यात शहरभर दिवे, तोरणं, पेढे. संग्रहालयानेही दारं उघडी ठेवली होती, आणि मुख्याध्यापकांनी शाळेच्या मुलांना घेऊन यायला सांगितलं. नुकत्याच मॅट्रिकला बसलेल्या मुलामुलींनाही निरोप गेला होता. ती येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली, पांढऱ्या साडीत, सगळ्यांच्या मागे.

वरच्या मजल्यावर आफ्रिकेची खोली तशीच होती. कपाटात तो पिवळा भोपळा, आणि खाली नवी पाटी, आता सुबक मराठीत: ‘मलुंगा. आफ्रिकेतील आदिम जमातींचे वाद्य. जंगबार.’ त्याखाली, ‘देणगी’ असं लिहून माझं पूर्ण नाव, शाळेसकट. मुरुडचा बांबू आणि आज्याच्या परसातला भोपळा जंगबारला जाऊन बसले होते, आणि त्यांच्या खाली मी.

पाचवीतल्या एका मुलीने पाटी अक्षर अक्षर लावत वाचली. माझ्या नावाशी आल्यावर तिचा चेहरा फुलला. तिने माझा हात धरला आणि विचारलं, “बाई, हे तुमचं आहे?”

सगळी मुलं माझ्याकडे कौतुकाने बघत होती. मला एक वाक्य बोलायचं होतं, फार मोठं नाही. मी तोंड उघडलं.

“हो,” मागून ती म्हणाली, त्याच स्वच्छ मराठीत. “बाईंचंच आहे ते.”

मग ती वळून जिन्याकडे गेली. तेव्हा माझं तिच्या पायांकडे लक्ष गेलं. तिने चपला खालीच काढून ठेवल्या होत्या. त्या खोलीत आम्ही तीसचाळीस जण होतो, आणि अनवाणी ती एकटीच आली होती.